होय, माझ्या टाकीत नुसतं गवत आहे

परवा पुण्याहून आमचे एक नातेवाईक आले होते. (नाव लिहीत नाही, ते हे वाचतात!) जेवणं झाली, सुपारी झाली आणि त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या माशांच्या टाकीकडं गेलं. आधी तसंच वाकून बघितलं, मग चष्मा लावून बघितलं, आणि म्हणाले, "अरे, यात तर नुसतं गवत आहे! मागं कसली झकास होती. ते लाल लाल झाड कुठं गेलं?"

"गेलं," एवढंच म्हणून मी विषय संपवला. पाहुण्यांशी कशाला वाद घाला. पण ते 'नुसतं गवत' दोन दिवस डोक्यातून जाईना. म्हणून हे उत्तर.

तर होय, माझ्या टाकीत नुसतं गवत आहे. आणि तेरखेड्यासारख्या गावात ज्याला हौसेनं टाकी ठेवायची आहे त्यानं गवतच लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बोअरच्या पाण्यात लाल झाड जगवायला निघालेल्यांशी माझं भांडण आहे. प्लास्टिकचं झाड लावणाऱ्यांशी त्याहून मोठं भांडण आहे. "दुष्काळी भागात मासे कशाला?" असं विचारणाऱ्यांशीही आहे, पण ते जरा सबुरीनं, कारण त्यांत आमचे थोरले काका आहेत.

सुरुवात प्लास्टिकपासून करतो, कारण माझीही सुरुवात तिथूनच झाली. टाकी घेतली तेव्हा दुकानदारानं सगळा संच बांधून दिला. निळे खडे, हिरवी-गुलाबी प्लास्टिकची झाडं, तोंड उघडून बुडबुडे सोडणारा शिंपला आणि मागं चिकटवायला समुद्राचा कागद. गोड्या पाण्याचे मासे आणि मागं समुद्र! "काही बघावं लागत नाही, मेंटेनन्स फ्री," असं तो म्हणाला होता. दोन महिन्यांत त्या झाडांवर तपकिरी शेवाळ चढलं आणि मी दर रविवारी जुना टूथब्रश घेऊन प्लास्टिक घासत बसलो. जिवंत झाड माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया आणि नायट्रेट खातं. प्लास्टिक काहीच खात नाही. मग ते सगळं शेवाळाच्या वाट्याला येतं, आणि शेवाळ निघत नाही तेव्हा ब्रश आपल्या हाती येतो. तेव्हा 'मेंटेनन्स फ्री' हा शब्द कुणी उच्चारला की मला तो टूथब्रश आठवतो.

या रागातून मी दुसऱ्या टोकाला गेलो.

२०१५ साली मला ताकाशी अमानो यांच्या टाक्यांचे फोटो बघायला मिळाले. जपानचा हा माणूस मूळचा छायाचित्रकार. त्यानं काचेच्या पेटीत डोंगर, कुरणं, जंगलं उभी केली आणि जगभरच्या हौशी लोकांना वेड लावलं. त्याच वर्षी तो वारला. जाण्याआधी पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या मत्स्यालयात त्यानं ४० मीटर लांबीची टाकी उभी केली, १,६०,००० लिटर पाण्याची. मी ते फोटो बघितले आणि ठरवलं, आपल्या तीन फुटी टाकीत आपलंही एक जपान.

मग झालं असं की जपान करायला जे जे लागतं ते सगळं बाहेरून आणावं लागलं. माती बाहेरची. झगझगीत दिवे. झाडांना कर्बवायू हवा, पण सिलिंडरला पैसे नव्हते, म्हणून दोन लिटरच्या बाटलीत साखर, पाणी आणि चिमूटभर यीस्ट घालून तिची नळी टाकीत सोडली. खतात पोटॅशियम नायट्रेट लागतं, ते शेतीच्या दुकानात १३:०:४५ म्हणून मिळतं, द्राक्षवाले फवारतात तेच. आमच्या गावाला या क्षाराची ओळख वेगळी. तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव, आणि हाच तो सोरा, फटाक्याच्या दारूतला. आमचे काका म्हणाले होते, "आरं, माशाला दारू घालतूस का काय!" घरभर हशा पिकला होता.

आणि पाणी. जोरात प्रकाश, जोरात खत आणि जोरात कर्बवायू असला की दर आठवड्याला निम्मं पाणी बदलायचं, हा त्या पद्धतीचा नियमच आहे, नाहीतर खत साचत जातं. माझी टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. माती-दगड वजा जाता त्यात साधारण १०० लिटर पाणी बसतं. म्हणजे आठवड्याला ५० लिटर, वर्षाला २,६०० लिटर. आमच्या गावात! एवढं करून ते लाल झाड तीन महिने लाल राहिलं. फोटो काढले, सगळ्यांना दाखवले. आमच्या पुण्याच्या पाहुण्यांनी बघितलं ते याच तीन महिन्यांत.

मग २०१६ चा उन्हाळा आला. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. टीव्हीवर दिवसभर तेच. आमच्या गल्लीत टँकर यायचा आणि घागरींची रांग लागायची. मी टाकीतलं ५० लिटर पाणी बादल्यांनी काढत असताना काका दारात उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "प्यायला न्हाई आन् ह्यो मासे पाळतोय." या वेळी कुणी हसलं नाही.

मी पाणी बदलणं कमी केलं. दिवे आणि कर्बवायू मात्र तसेच ठेवले, कारण लाल रंग जायला नको होता. मे महिन्यात एका दुपारी वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. आम्ही लग्नाला गेलो होतो. परत आलो तेव्हा अकराच्या अकरा मासे वर तरंगत होते.

काय झालं ते नंतर उमगलं. वीज गेली की दिवा बंद. अंधारात झाडं कर्बवायू घेणं थांबवतात आणि आपल्यासारखाच प्राणवायू वापरू लागतात. पंप बंद, म्हणून पाणी हलत नाही. पाणी गरम, आणि गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. यीस्टच्या बाटलीला मात्र वीज लागत नाही, उलट उकाड्यात ती जास्तच जोमानं फसफसते. म्हणजे बंद घरात मी माशांवर कर्बवायू सोडून लग्नाला गेलो होतो. माझी धाकटी तेव्हा पहिलीत होती. तिनं विचारलं, "बाबा, मासे पाण्यात बुडून मरतात का?"

हो बाळा, मरतात. बापाला हौस असली की मरतात. (हे तिला म्हणालो नाही.)

टाकी रिकामी केली. वर्षभर तिच्यात शेंगा ठेवल्या होत्या.

त्या वर्षात मला जे कळलं तेच मला मुख्यतः सांगायचं आहे. चूक लाल झाडाची नव्हती आणि अमानोचीही नव्हती. अमानो निगाताचा. जपानचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ असतं, त्यात क्षार कमी. तो आपल्या घराभोवतीचे डोंगर आणि आपल्या नळाचं पाणी घेऊन बसला आणि त्यात जे जगतं त्याचं चित्र केलं. आपण त्याच्याकडून हे शिकायला हवं होतं, की आपल्या पाण्याकडं बघा. त्याऐवजी आपण त्याचं पाणी मागवायला निघालो.

माझं पाणी कसलं आहे? बोअरचं, काळ्या पाषाणातून आलेलं, जड. साबणाला फेस येत नाही. पाणी तापवायच्या रॉडवर पांढरं कवच चढतं, कूलरच्या गवतावर चुना बसतो. ही परीक्षा कुणालाही घरात करता येते, त्याला किट लागत नाही. अशा पाण्यात मऊ पाण्याचं झाड जगवायचं म्हणजे रोज पाण्याशी कुस्ती. आणि आमच्या भागात ही कुस्ती आपण एका झाडापुरती थोडीच खेळतो! १९९९ साली माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या महाराष्ट्र जल व सिंचन आयोगानं तुटीच्या खोऱ्यांत उसासारखी पिकं नकोत असं सांगितलं होतं. आपण ऊस लावला आणि पाणी कमी पडलं की आभाळाला शिव्या दिल्या. माझी ती जपानी टाकी म्हणजे दिवाणखान्यातला ऊसच होता. त्या बाटलीत साखरही होतीच की.

आता 'आपलं' म्हणजे काय, यावर थोडं. काही मित्र म्हणतात, मग देशी झाडं लावा, विदेशी नकोत. ऐकायला बरं वाटतं, पण गंमत बघा. ते माझं लाल झाड, रोटाला मॅक्रान्ड्रा, दक्षिण भारतातलंच आहे! अगदी स्वदेशी. माझ्या पाण्यात मात्र पाहुणं. आणि सध्या माझ्या दगडावर सुखानं बसलेलं अनुबियास मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. त्याला उजेड कमी चालतो, जड पाणी चालतं, महिन्याला एखाद-दुसरं पान काढतं आणि तक्रार करत नाही. म्हणून टाकीत काय लावायचं हे झाडाच्या पासपोर्टवर ठरवू नका, आपल्या पाण्यावर ठरवा.

२०१७ च्या उन्हाळ्यात शेंगा काढल्या आणि टाकी नव्यानं मांडली. त्याच वर्षी 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू झाली आणि तलावातला गाळ लोक ट्रॉल्यांनी शेतात नेत होते. मी एक घमेलं आणलं. उन्हात कडक वाळवला, चाळला, दोन-तीनदा भिजवून वरचं पाणी ओतून दिलं. टाकीच्या तळाला इंचभर गाळ, त्यावर दीड इंच धुतलेली वाळू. वरची वाळू महत्त्वाची, नाहीतर चिखल होतो. खाली माती, वर वाळू, भरपूर झाडं आणि थोडे मासे ही पद्धत डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात नीट मांडली आहे. माशांचं उरलेलं अन्न आणि विष्ठा हेच खत, मातीतले जंतू कुजवून देतात तोच कर्बवायू. बाटली नको आणि सोराही नको.

मागच्या बाजूला वॅलिस्नेरिया. हेच ते 'गवत'. लांब फितीसारखी पानं, महाराष्ट्रातल्या तलावांत आणि नद्यांच्या डोहांत पूर्वीपासून आहे, लोक सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतात. जड पाण्यात याचा जीव रमतो, कारण पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधूनही ते कर्ब काढून घेऊ शकतं. म्हणजे माझ्या रॉडवर जो चुना बसतो, त्याचाच जोडीदार या गवताचा घास आहे. कधी कधी त्याच्या पानांवर चुन्याची पांढुरकी साय धरते. मी तीन वर्षं ज्या पाण्याला नावं ठेवली, ते याला पंचपक्वान्न!

मधल्या पट्ट्यात क्रिप्टोकोरिन वेंड्टी, श्रीलंकेचं. हे लावलं की आठवड्यात सगळी पानं विरघळतात आणि लोक 'मेलं' म्हणून फेकून देतात. फेकू नका. मुळं जिवंत असतात, जागा पसंत पडली की नवी पानं येतात. पुढं दोन काळे दगड, आमच्याच शिवारातले, आणि त्यांना दोऱ्यानं बांधलेलं अनुबियास. त्याचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं, म्हणून बांधायचंच. सुरुवातीचे दोन महिने वर सेराटोफायलमचे झुपके तरंगत सोडले होते. ते भराभर वाढतं आणि नव्या मातीतलं जास्तीचं खत खाऊन टाकतं, शेवाळाला उरत नाही. जावा फर्न लावून बघितलं, मे महिन्यात काळं पडलं, सोडून दिलं. मासे म्हणाल तर गप्पी. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खात्याचे लोक सोडतात तेच. जड पाणी त्यांना मानवतं.

दिवा सात तास. पाणी महिन्याला एक बादली काढतो, म्हणजे वर्षाला २४० लिटर. वर काचेचं झाकण आहे, तरी उन्हाळ्यात रोज तांब्या-दोन तांब्ये पाणी उडतं. पाणी उडतं पण क्षार मागंच राहतात, म्हणून भर घालायला शक्यतो गच्चीवर धरलेलं पावसाचं पाणी. काढलेली बादली मोरीत जात नाही, कढीपत्त्याला जाते, आणि कढीपत्ता बघायचा असेल तर या.

आता काकांना उत्तर. काका, तुमचं २०१६ चं बोलणं खरं होतं. त्या टाकीसाठी मी मान खाली घालतो. पण या टाकीचा महिन्याचा हिशोब मांडा. आपल्या बैठकीतला कूलर मे महिन्यात एका दिवसात दोन बादल्या पितो आणि त्यातला एक थेंबही झाडाला जात नाही. कूलरला कुणी 'दुष्काळी भागात कशाला' म्हणत नाही. ज्या घरात पाणी मोजून वापरलं जातं, त्या घरातल्या पोरांनी एक बादली पाण्यात काय काय जगू शकतं हे बघायला नको का? धाकटी आता दर महिन्याला ती बादली स्वतः काढते आणि कढीपत्त्याला घालते. पाण्याची किंमत तिला माझ्या भाषणातून कळली नसती.

एक भांडण अजून राहिलं, आणि ते सगळ्या हौशी मंडळींशी आहे. टाकी मोडली की झाडं-मासे नदीत सोडू नका. "जीव वाचवला" असं म्हणून लोक सोडतात. आमच्या तेरखेड्याच्या परिसरात तेरणा उगम पावते. पुढं गोरोबाकाकांच्या तेरवरून जाते, मांजरेला मिळते, आणि मांजरा गोदावरीला. गावच्या ओढ्यात टाकलेली एक काडी कुठवर जाऊ शकते बघा. जलपर्णी अशीच दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी भारतात आली आणि आज आपल्या नद्यांचे गालिचे झालेत. उलटंही झालंय. आपल्याकडं गुपचूप राहणारं हायड्रिला १९५० च्या दशकात टाकीवाल्यांच्या व्यापारातून अमेरिकेत फ्लोरिडात पोचलं आणि तिथल्या तळ्यांचा गळा घोटून बसलं. जास्तीचं गवत मी उन्हात वाळवून कुंडीत घालतो. आणि उलट दिशेनंही तेवढंच जपा. तलावातून चार काड्या आणल्या तर ठीक, पण कासच्या पठारावरचा वायतुरा जगात फार थोड्या जागी उरला आहे, त्याला टाकीसाठी हात लावायचा नाही.

'कमी निगा' याचा अर्थ 'निगा नाही' असा मी घेत नाही. रोज सकाळी चहा घेताना मी टाकीसमोर पाच मिनिटं बसतो. मासे मोजतो, पिवळं पान दिसलं तर काढतो. पूर्वी माझे सगळे रविवार टाकीवर जायचे आणि टाकी बघायला वेळ मिळायचा नाही. आता बघणं हेच काम आहे. मधल्या काळात वीज कितीदा तरी गेली, एकदा तर रात्रभर. सकाळी गप्पी गवतात शांत फिरत होते.

तर पाहुणे, रागावू नका. तुमच्याकडं खडकवासल्याचं मऊ पाणी आहे. लाल झाड तुमच्या घरी कदाचित छान लागेल, खुशाल लावा, मी येऊन कौतुक करीन. इथं ते लागणार नाही. पुढच्या वेळी याल तेव्हा वाकून नको, खुर्ची घेऊन बसा. दहा मिनिटं गेली की त्या गवतातून एक पिल्लू बाहेर येतं, मग दुसरं येतं. माझी धाकटी तुम्हाला मोजून दाखवील.